डासाची 'जाती' की 'प्रजाती'?

डासांच्या ओळखीवर मराठीत लिहायचं आहे. 'स्पीशीज'साठी जाती वापरू की प्रजाती? बातम्यांत सगळीकडे प्रजाती दिसतं. शिवाय जे डास दिसायला हुबेहूब सारखे, पण गुणसूत्रांवरून वेगळे ठरतात, त्यांना काय म्हणावं?

— जाती लिहा. शालेय पुस्तकांतला क्रम कुल, प्रजाती, जाती असा आहे. म्हणजे अ‍ॅनॉफिलीस ही प्रजाती आणि गॅम्बी ही तिच्यातली एक जाती. एरवी मी एवढा आग्रह धरला नसता, पण इथे हा फरक पुसला की मुद्दाच हरवतो. हिवताप अ‍ॅनॉफिलीस पसरवतो, हे प्रजातीबद्दल झालं. त्यातला नेमका कोण पसरवतो, हा प्रश्न जातीचा. युरोपात मॅक्युलिपेनिस हा अ‍ॅनॉफिलीसमधला एकच डास समजला जाई. काही भागांत तो भरपूर, तरी हिवताप नाही. १९२६ मध्ये इटलीत फालेरोनी या संशोधकांनी अंड्यांवरच्या नक्षीतला फरक दाखवला आणि त्या एका नावाखाली अनेक जाती आहेत हे कळत गेलं.

अशांना मी 'सहोदर जाती' म्हणतो. 'गुप्त जाती' नको, लपलेलं काहीच नसतं. भारतातल्या क्युलिसिफेसीस या अ‍ॅनॉफिलीस डासाच्या अशा पाच जाती ए, बी, सी, डी, ई या अक्षरांनीच ओळखल्या जातात. बी हिवताप फारसा वाहत नाही, ई मात्र चांगलीच वाहक आहे.

— पण गुणसूत्रांवरून जात वेगळी आहे हे ठरतं कसं?

— रक्त पिऊन अंडी अर्धवट भरलेली मादी घेतात. तिच्या अंडाशयातल्या पोषक पेशींची गुणसूत्रं जाडजूड असतात. ती रंगवून काचपट्टीवर दाबली की गडद-फिकट पट्टे दिसतात. काही डासांत पट्ट्यांचा एखादा तुकडा उलटा बसलेला असतो. सुलटा आणि उलटा अशा दोघांची संतती असेल, तर जोडीतल्या त्या जागी वेटोळं पडतं. एकाच गावात दोन्ही तऱ्हा भरपूर सापडतात आणि वेटोळं मात्र कुठेच नाही, म्हणजे त्यांचा आपसात संकर होत नाही. म्हणूनच त्या दोन जाती. किती सुंदर पुरावा आहे हा!

— हल्ली पीसीआरच (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो तपासणं) करतात ना? मग 'जनुकीय तपासणी' म्हटलं की दोन्ही आलं?

— नाही, वेगळं लिहा. गुणसूत्रांना योग्य अवस्थेतली मादी लागते. पीसीआरला वाळलेल्या डासाचा एक पायही पुरतो, नर असो वा मादी. शिवाय पीसीआरमध्ये अनेकदा जो तुकडा पाहतात, तो दोन जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागेचा असतो, म्हणून 'डीएनए तपासणी' जास्त अचूक.

आणि 'रूप' हा शब्दही जपून वापरा. गॅम्बीची एम आणि एस ही दोन रूपंच मानली जात. २०१३ मध्ये एमला कोलुझी हे जातीचं नाव मिळालं. त्याआधीच्या संशोधनाबद्दल लिहिताना 'एम रूप', नंतरच्याबद्दल 'कोलुझी'.