शब्दचर्चा: 'डायव्हर्जन्स' कुठे लिहायचा आणि कुठे नाही

भाचीने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर प्रबंधाची चार पानं पाठवली, "मामा, इंग्रजी बघ जरा" म्हणून. पहिल्या पानावर पणजी आणि वाळपईच्या पावसात डायव्हर्जन्स, दुसऱ्यावर पुरुषांच्या आणि बायकांच्या मजुरीत डायव्हर्जन्स, तिसऱ्यावर कोरगुट आणि ज्योती या भाताच्या दोन जातींत डायव्हर्जन्स. फोन करून विचारलं, बाय, हा शब्द एवढा कुठून आणलास, तर म्हणते डिफरन्स फार शाळकरी वाटतो. अर्ध्या लोकांचं हेच होतं बघा, डायव्हर्जन्स म्हणजे सुटाबुटातला डिफरन्स अशी समजूत करून घेतलेली असते.

आता पाऊस घ्या. वाळपई घाटाच्या पायथ्याशी, तिथे जास्तच पडणार, पणजी किनाऱ्यावर, तिथे त्या मानाने कमी. हे आजोबांच्या वेळीही असंच होतं आणि आताही आहे, म्हणजे काही हललेलं नाही, मग साधा डिफरन्स लिहायचा आणि पुढे जायचं. मजुरीचं असेल तर डिस्पॅरिटी, कारण तिथे नुसता फरक नाही, एकाला जास्त एकाला कमी अशी असमानता सांगायची आहे. आणि कोरगुट हे खाजनातल्या, म्हणजे भरतीचं पाणी बांध घालून अडवलेल्या सखल शेतातल्या, खाऱ्या पाण्यात तगणारं जुनं भात, ज्योती नवं सुधारित वाण, दोन वेगळ्या वस्तू शेजारी ठेवून तुलना केलीय, तिथेही डिफरन्सच.

चौथ्या पानावर मात्र तिचं बरोबर होतं, बहुतेक नकळत. एकमेकांना लागून असलेले दोन गाव, दोन्हीकडे पूर्वी खाजनात भात व्हायचं, मग एकाने बांध आणि मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, सांभाळली, दुसऱ्याकडे मानशीची दारं कुजली, खारं पाणी आत आलं आणि शेत पडीक पडत गेलं. आधी सारखे होते, मग वर्षागणिक लांब जात राहिले. हा खरा डायव्हर्जन्स.

मूळ लॅटिन आहे. 'व्हेर्गेरे' म्हणजे कलणं, झुकणं, आणि 'डिस्' म्हणजे वेगवेगळ्या दिशांना. त्याचं उलट कन्व्हर्जन्स, एकमेकांकडे कलत येणं. म्हणजे शब्दाच्या पोटातच हालचाल आहे. मडगाव स्टेशन डोळ्यासमोर आणा, तिथून निघालं की एक रूळ सावर्डे-कुळे करत घाट चढून कॅसलरॉकला जातो, दुसरा बाळ्ळी-काणकोणवरून कारवारला. सुरुवातीला दोन्ही एकाच स्टेशनात आणि पुढे प्रत्येक मैलाला अंतर वाढतच जातं. वास्को आणि काणकोण ही दोन स्टेशनं लांब आहेत हा डिफरन्स, मडगावनंतर दोन रूळ फाकत गेले हा डायव्हर्जन्स. शाळेत अपसारी भिंग शिकलो होतो ते हेच, किरण समांतर येतात आणि पलीकडे फाकतात.

माझीही एकदा फजिती झालीय, सांगतो. एका सहकारी सोसायटीचं ऑडिटच्या उत्तराचं पत्र मी इंग्रजीत लिहून दिलं होतं, काजू खरेदीच्या वहीत आणि रोकड पेटीत साडेबाराशेची तफावत होती, मी ऐटीत लिहिलं 'अ डायव्हर्जन्स इन द कॅश'. ऑडिटर चष्म्यावरून बघत म्हणाला, रोकड कुठे चालत गेली का? तिथे हवा होता डिस्क्रेपन्सी, म्हणजे दोन आकडे जुळायलाच हवे होते आणि जुळले नाहीत. मराठीत तफावत म्हणतो ती हीच. आणि ठरलेल्या नियमापासून, मंजूर प्लॅनपासून कोणी एकटाच बाजूला सरकला तर डेव्हिएशन, मग घर बांधणारे चिडतात ते वेगळं. हायवेचं काम चालू असतं तिथे बोर्डावर असतं ते डायव्हर्जन, ते 'डायव्हर्ट'वरून आलं, वळवणं. पोलीस ट्रॅफिक डायव्हर्ट करतात, डायव्हर्ज करत नाहीत, कारण डायव्हर्ज हे आपोआप होतं, त्याला कर्म लागत नाही. एका अर्जात 'वुई डायव्हर्ज्ड द वॉटर' वाचलंय मी, पाणी बिचारं.

वाक्यात बसवायचं कसं तर दोन गोष्टी एकमेकींपासून लांब जात असतील तर पुढे 'बिटवीन', एक जागेवर आणि दुसरी तिच्यापासून सुटत चाललीय तर 'फ्रॉम', आणि कुठल्या बाबतीत ते सांगायला 'इन'. मतांचं असेल तर 'डायव्हर्जन्स ऑफ ओपिनियन'. स्पेलिंगच्या शेवटी ई-एन-सी-ई, ए घालायचा नाही. मोजताही येतो, म्हणून एक असेल तर आधी 'अ' चालतो आणि अनेकवचनही होतं. 'ग्रोइंग डायव्हर्जन्स' हे मला खटकतं कारण वाढणं त्यात आहेच, पण पेपरवाले सर्रास लिहितात आणि फाकण्याचा वेगच वाढतोय असं म्हणायचं असेल तर त्यांचं चूकही म्हणता येत नाही. शेअर बाजारवाल्यांचा डायव्हर्जन्स हा, भाव नवा उच्चांक करतो आणि खालचा आरएसआय, म्हणजे भावाचा जोर दाखवणारी रेषा, मात्र आधीपेक्षा खालीच राहतो, दोन रेषा आतापर्यंत बरोबर चालत होत्या आणि आता एक वर एक खाली. म्हणजे तेही नियमात बसतं.

मतांच्या बाबतीत जरा गंमत आहे. 'डायव्हर्जन्स ऑफ ओपिनियन' इंग्रजीत इतकं रुळलंय की नुसता मतभेद असला तरी खपतं. पण माझ्यापुरतं सांगतो, गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावर 16 जानेवारी 1967 ला झालेल्या ओपिनियन पोलबद्दल लिहिताना मी ते वापरणार नाही. फुलाची खूण म्हणजे विलीनीकरण, दोन पानांची म्हणजे वेगळा संघप्रदेश, 1,38,170 विरुद्ध 1,72,191, लोक दोन ठरलेल्या बाजूंना उभे होते, तिथे 'स्प्लिट' किंवा 'डिव्हिजन' चपखल. उलट निकालानंतर एकाच पक्षातले लोक हळूहळू वेगळं बोलायला लागले असं लिहायचं असेल तर खुशाल डायव्हर्जन्स. आमच्या शेजारचे पोर्तुगीज शिकलेले म्हातारे भाऊ मात्र हे ऐकत नाहीत, त्यांच्या पोर्तुगीजमध्ये 'दिव्हेर्जेंसिया' म्हणजे सरळ मतभेद, तेही अनेकवचनात, घरात वाटणीवरून कुरबुर झाली तरी दिव्हेर्जेंसिया.

आणि एक ठिकाण जपून. बोलींबद्दल लिहिताना हा शब्द अगदी योग्य, तिसवाडी-बार्देश-सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले तालुके, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेल्या, फोंडा-पेडणे-सत्तरी वगैरे नव्या काबिजादी अठराव्या शतकात, मधल्या दोनशे वर्षांत कोकणीच्या बोली आपापल्या वाटेने गेल्या असं म्हणताना डायव्हर्जन्स लिहा. पण मराठी आणि कोकणीत डायव्हर्जन्स आहे असं गोव्यात लिहून बघा! कारण हा शब्द वापरला की आधी दोघी एकच होत्या असं तुम्ही न बोलता कबूल केलेलं असतं, आणि मग फाटा कुठे फुटला, कोण मूळ आणि कोण फाटा, यावर संध्याकाळ जाते. मी 'डिफरन्स' लिहून सुटका करून घेतो.

मराठीत याला काय म्हणायचं तर शास्त्रात अपसरण ठीक आहे, पण रोजच्या लिखाणात कोणी म्हणत नाही. फरक थांबलेला, तफावत हिशेबाची, दुरावा माणसांचा, फारकत झाली की सगळं संपलंच. मला वाटतं आपण हे नामाने सांगतच नाही, क्रियापदाने सांगतो, 'अंतर पडत गेलं', 'वाटा वेगळ्या होत गेल्या'. त्यातला 'गेलं' महत्त्वाचा. इंग्रजीत लिहिताना मनात हे वाक्य मराठीत म्हणून बघायचं, 'पडत गेलं' बसत असेल तर डायव्हर्जन्स, 'आहे' एवढंच बसत असेल तर नको.

हे सगळं भाचीला समजावलं, तिने रात्रीच पानं सुधारून पाठवली. सगळीकडे डिफरन्स केलाय. चौथ्या पानावरचा, त्या दोन गावांचा, तोही काढून टाकलाय. तो एक परत घाल म्हणून सकाळी कळवलं, अजून निळी टिक आलेली नाही.