मदत हवी आहे: वय ३३, बारावी कॉमर्स, आता नर्सिंगला जायचंय

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहते. बारावी कॉमर्स, ५४ टक्के. मग लग्न झालं, मुलगी झाली, ती आता तिसरीत आहे. गेली काही वर्षं एका छोट्या नर्सिंग होममध्ये रिसेप्शन आणि बिलिंग बघते. काउंटरवरून सिस्टरांचं काम रोज दिसतं. घाबरलेल्या नातेवाइकांशी त्या कशा बोलतात, डॉक्टर यायच्या आत पेशंटचं बीपी-शुगर घेऊन कशा तयार असतात. मला हेच काम करायचंय. नवरा हो म्हणालाय. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला मी बघते, तू जा."

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविकेचा कोर्स) करू की जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा), हे ठरत नाहीये. एएनएम दोन वर्षांत होतं, म्हणजे पगार लवकर सुरू होईल. जीएनएमला तीन वर्षं. कॉमर्सवालीला अॅनाटॉमी झेपेल का, याचीही धास्ती आहे. शिवाय बऱ्याच ठिकाणी हॉस्टेलमध्ये राहणं सक्तीचं असतं म्हणे. मुलगी लहान असताना ते कसं करायचं? आणि माझी शाळेची सगळी कागदपत्रं माहेरच्या नावावर आहेत, आधार सासरच्या.

स्टेशनजवळच्या एका क्लासवाल्याने "सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी" असं सांगून अॅडव्हान्स मागितलाय. भरू का? ज्यांनी संसार सांभाळून हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद (पालिका रुग्णालयातली स्टाफ नर्स)

ताई, त्या क्लासवाल्याला एक रुपयाही देऊ नका. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर तुम्ही केअरटेकरच राहता. ते काम कमी दर्जाचं नाही, पण तुम्हाला जे हवंय ते नाही. कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्य कौन्सिल दोन्हींच्या यादीत तिचं नाव आहे का ते बघा.

आता वयाचं. एएनएम आणि जीएनएम दोन्हींना प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ आहे. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणू नका. मी तुम्हाला जीएनएमच सांगेन. बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात, ते तपासा. बीएस्सी नर्सिंगला मात्र बारावी सायन्स लागतं, पण जीएनएम होऊन नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. कॉमर्सवाल्यांना पदवीकडे जायचा हाच रस्ता आहे. एएनएमचं काम मुख्यतः आरोग्य केंद्र, लसीकरण, बाळंतिणी आणि वस्तीतलं. तुम्ही ज्या वॉर्डच्या कामाबद्दल लिहिलंय त्यासाठी जीएनएम हवं.

पुढचा हिशोबही आत्ताच मांडा. ३४व्या वर्षी प्रवेश घेतला तर बाहेर पडताना ३७ होतील. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही साधारण मर्यादा असते. खुल्या गटात असाल तर सरकारी नोकरीसाठी हातात फार थोडा वेळ उरतो. खासगी हॉस्पिटलात वयाची एवढी अडचण येत नाही.

प्रतिसाद (मुलगा पहिलीत असताना जीएनएम केलेली)

अॅनाटॉमीची धास्ती मलाही होती, मी आर्ट्सची. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी असतंच, पण सोबत सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, फर्स्ट एडही असतं. रोज एक तास आकृत्या काढत बसलात तर नक्की झेपतं. इंग्रजी वाचायची सवय आजपासूनच लावा, पुस्तकं जाड असतात.

खरी कसोटी वेळेची. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकलचे दिवस तर शेवटी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. पोर तापली म्हणून घरी राहिलात तर ती ड्यूटी सुट्टीत करावी लागते. म्हणून सासूबाईंशी अगदी स्पष्ट बोला, सकाळी सातच्या ड्यूटीला पोरीचा डबा कोण करणार इथपर्यंत. हॉस्टेलचा नियम प्रत्येक संस्थेत वेगळा असतो. फोनवर विचारू नका, समक्ष जा आणि मेट्रन किंवा प्रिन्सिपल मॅडमना भेटा. विवाहित आहे, लेकरू आहे हे आधीच सांगा.

नावाचं म्हणाल तर अर्ज बारावीच्या मार्कशीटवरच्या नावानेच भरा, कारण पुढे डिप्लोमा आणि नोंदणी त्याच नावाने येते. लग्नाचा दाखला जोडा. जातीचा दाखला असेल तर तोही माहेरच्याच नावाचा चालवा.

प्रतिसाद

सरकारी आणि पालिकेच्या संस्थांत फी कमी, पण जागा मोजक्या. तिथे आधी प्रयत्न करा. खासगीत गेलात तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) कुठली शिष्यवृत्ती बसते का बघा.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लासवाल्याला नाही सांगितलं. इंग्रजीत ६१ मार्क आहेत, म्हणजे ती अट पूर्ण होते. जीएनएमच करणार, आणि खुल्या गटातली आहे, त्यामुळे याच वर्षी. शनिवारी सासूबाईंना सोबत घेऊन दोन संस्थांत जाणार आहे. लहान मूल असलेल्यांना घरून ये-जा करू देणारी संस्था मध्य रेल्वेच्या पट्ट्यात, ठाणे ते परळ, कोणाला माहीत असेल तर शनिवारच्या आत सांगा.