‘टफ’, ‘चिन’ आणि ‘पंचिंग पॉवर’ यांना मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न

मुष्टियुद्धाच्या मिडलवेट, म्हणजे १६० पौंडांच्या (सुमारे साडेबाहत्तर किलोंच्या) गटातील जुन्या गाजलेल्या लढतींवर मी मराठीत एक लेख लिहीत आहे. इंग्रजी समालोचनात दोन गोष्टी सतत कानावर पडतात : अमुक एक खेळाडू किती ‘टफ’ आहे आणि त्याच्या ‘पंच’मध्ये किती ‘पॉवर’ आहे. पहिलीसाठी ‘कणखरपणा’ आणि दुसरीसाठी ‘ताकद’ असे मी सरसकट लिहीत गेलो; पण तिसऱ्या पानापर्यंत सगळेच खेळाडू कणखर आणि सगळेच ताकदवान होऊन बसले, आणि जेक लामोटा व मार्विन हॅगलर यांच्यातला फरक माझा मलाच दिसेना. ‘ही हॅज अ गुड चिन’ (म्हणजे तोंडावर ठोसे बसूनही तो डगमगत नाही) या वाक्याचे मी ‘त्याची हनुवटी चांगली आहे’ असे केले, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने ‘हे स्थळ कुणासाठी पाहतो आहेस?’ असे विचारले. जाणकारांनी कृपया शब्द सुचवावेत.

उत्तर

सर्वांत आधी ‘पंच’ हा शब्द लेखातून काढून टाकावा. मराठी वाचकाच्या दृष्टीने पंच म्हणजे निर्णय देणारा माणूस. हॅगलरचा प्रतिस्पर्धी टॉमी हर्न्स याच्याबद्दल ‘हर्न्सच्या पंचने हॅगलर डळमळला’ असे छापले, तर हर्न्सने स्वतःचा पंच सोबत आणला होता की काय, असे वाटते. ‘ठोसा’ हा शब्द चांगला रुळलेला आहे. ‘गुद्दा’ आणि ‘बुक्की’ हेही मुठीचेच मार असले, तरी गुद्दा भांडणातला आणि बुक्की पाठीत घालायची. रिंगणात ठोसाच शोभतो.

उत्तर

वरील सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. मूळ प्रश्नाबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण अडचण शब्द नसण्याची नसून शब्द जास्त असण्याची आहे. इंग्रजीतला एक ‘टफ’ मराठीत निदान चार ठिकाणी वाटला गेला आहे आणि ती वाटणी फार जुनी, फार नेमकी आहे.

‘चिवट’ हा शब्द घ्या. निरगुडीचा फोक चिवट असतो, चामड्याची वादी चिवट असते. ती वाकते, पिळली जाते, ताणली जाते, पण तुटत नाही. ‘टणक’ याच्या उलट आहे; टणक वस्तू वाकतच नाही, आणि तिच्यावर आदळणाऱ्यालाच लागते. ‘काटक’ म्हणजे अंगाने सडसडीत असूनही कष्टाला न हटणारा. ‘कणखर’ हा शब्द शरीरापेक्षा वृत्तीकडे अधिक झुकतो. आपण माणसाचा स्वभाव कणखर म्हणतो, निर्णय कणखर म्हणतो, पण खारीक टणकच म्हणतो. (निबर हा शब्द कोणी सुचवण्याआधीच सांगतो की तो भेंडीसाठी राखून ठेवावा.)

आता हे शब्द माणसांना लावून पाहा. १४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागो स्टेडियममध्ये शुगर रे रॉबिन्सनने लामोटाकडून विजेतेपद हिरावून घेतले, तेव्हा तेराव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली, कारण लामोटा दोरांचा आधार घेऊन ठोसे खात उभा होता आणि काही केल्या खाली पडत नव्हता. हात चालत नाहीत, बचाव उरलेला नाही, लढत हातची गेलेली आहे, तरी पाय जमीन सोडत नाहीत, अशा अवस्थेला मराठीत चिवटपणा याशिवाय दुसरा शब्द नाही. त्याला कणखर म्हटले तर त्या चित्रातली पिळवणूकच नाहीशी होते. पुढे ३१ डिसेंबर १९५२ रोजी, वरच्या वजनगटात, डॅनी नार्डिकोने त्याला कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पाडले. त्याच्या ८३ विजयांपैकी बाद करून मिळवलेले विजय जेमतेम ३० आहेत. म्हणजे ठोशाच्या बळावर नव्हे, तर तग धरण्याच्या बळावर जिंकणारा हा माणूस होता.

हॅगलरची गोष्ट वेगळी आहे. १५ एप्रिल १९८५ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये तो टॉमी हर्न्सपुढे उभा राहिला. पहिल्याच फेरीत हर्न्सचा उजवा ठोसा बसून तो क्षणभर डळमळला, त्याच्या कपाळावर जखम झाली. पण त्याच फेरीत हर्न्सचा उजवा हात मोडला. टणक या शब्दाचा इतका शब्दशः पुरावा क्वचितच मिळेल. तिसऱ्या फेरीत रक्त पाहून पंचांनी लढत थांबवली आणि जखम डॉक्टरांना दाखवली. लढत पुन्हा सुरू झाली, आणि आता आपल्याला फार वेळ मिळणार नाही हे ओळखून हॅगलर चालून गेला व त्याच फेरीत त्याने हर्न्सला आडवे केले. सगळी लढत जेमतेम आठ मिनिटांची. येथे डोके टणक आहे आणि जखम वाहत असताना मागे न सरण्याची वृत्ती कणखर आहे. चिवटपणाची तर त्या रात्री त्याला गरजच पडली नाही. कागदावर हॅगलर कारकिर्दीत एकदाच खाली पडल्याची नोंद आहे, १९८४ मध्ये हुआन रोल्डानविरुद्ध, आणि आपला पाय घसरला होता असेच तो म्हणत आला.

हर्न्ससाठी ‘काटक’ वापरण्याचा मोह होईल, कारण सहा फूट एक इंच उंचीचा तो सडपातळ माणूस होता. पण काटकपणात टिकाव अभिप्रेत असतो आणि हर्न्सचे खरे भांडवल ठोशात होते. त्याला ‘सडसडीत’ म्हणून पुढे जावे.

उत्तर

मी तालमीत वाढलेला माणूस आहे, म्हणून एक तक्रार नोंदवतो. मुष्टियुद्धाच्या मराठी बातम्यांत ‘चीतपट केले’, ‘अस्मान दाखवले’ असे सर्रास लिहिले जाते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. मुष्टियुद्धात पाठ टेकल्यावर दहा आकडे मोजले जातात आणि माणूस नवव्या आकड्याला उठून पुन्हा लढू शकतो. ज्या खेळात पडून उठणे हाच अर्धा खेळ आहे, तेथे ‘चीतपट’ हा शब्द आधीच निकाल सांगून मोकळा होतो. खाली पडला तर ‘पाडले’ म्हणावे, उठलाच नाही तर ‘गारद केले’ म्हणावे.

दुसरे असे की, ‘ताकद’ हा शब्द ठोशासाठी वापरू नये. पंचाहत्तर किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या हमालात ताकद असते, पण त्याच्या ठोशात मार असेलच असे नाही. ठोसा टाचेपासून निघतो, कमरेत वळतो आणि खांद्यातून मुठीत येतो. दंड फुगवून तो जड होत नाही. आमच्याकडे अशा माणसाला ‘हात जड आहे’ म्हणतात. शाळेतले एखादे किडकिडीत गुरुजीही जड हाताचे असत, हे पाठीला आठवते.

मूळ प्रश्नकर्ता

‘हात जड’ हा शब्दप्रयोग मिळाल्याने लेखाचा एक मोठा भाग सुटला. ‘चिन’साठी मी आता ‘ठोसे पचवण्याची कुवत’ असे लिहिले आहे. ते चालेल का? आणि १ मे १९५७ च्या लढतीचे काय करावे? रॉबिन्सनने त्या रात्री शिकागोत जीन फुलमरला पाचव्या फेरीत एकाच डाव्या हुकने (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) गारद केले. फुलमरसारखा दणकट माणूस तोवर कधीही दहा आकडे ऐकत पडून राहिला नव्हता. तेथे ‘जड हाताचा ठोसा’ लिहिले, तर काहीतरी कमी पडते.

उत्तर

कमी पडते, कारण त्या ठोशाचे मर्म जोरात नव्हे तर जागेत आणि वेळेत आहे. फुलमर पुढे येत होता, त्याचे लक्ष दुसरीकडे होते आणि हुक त्याला दिसलाच नाही. दिसलेल्या ठोशाला मान आवळली जाते. न दिसलेल्या ठोशाने जबडा फिरतो, त्याबरोबर डोके गर्रकन वळते आणि आतला मेंदू हिसका खातो. यासाठी आपल्याकडे ‘वर्मी बसणे’ हा तयार शब्दप्रयोग आहे. ‘रॉबिन्सनचा डावा हुक वर्मी बसला’ एवढे लिहावे, विशेषणांची गरज नाही.

‘पचवणे’ मात्र मला खटकते. पचवले म्हणजे त्रास उरला नाही, असा त्या क्रियापदाचा भाव आहे; माणूस अपमान पचवतो, पैसे पचवतो आणि ढेकर देतो. डोक्यावर बसलेला ठोसा असा पचत नाही. रॉबिन्सनची अखेरची वर्षे अल्झायमरच्या आजारात गेली आणि १९८९ मध्ये तो वारला. त्याच्याहून कितीतरी अधिक मार खाल्लेला लामोटा नव्वदी ओलांडून २०१७ पर्यंत जगला. कोणाला काय पचले, याचा हिशेब रिंगणात लागत नाही. मी ‘सोसणे’ सुचवेन, कारण त्यात ठोसाही आहे आणि कळही आहे.

उत्तर

क्षमा करावी, पण येथे मी ‘पचवणे’च्या बाजूने उभा राहीन. समालोचक ‘चिन’ म्हणतो तेव्हा तो वीस वर्षांनंतरचे काही सांगत नसतो. ठोसा बसला आणि पुढच्या क्षणी माणसाच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही, एवढेच तो सांगत असतो. ‘सोसणे’ म्हटले की सासुरवास आठवतो, ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ आठवतो. हॅगलर सोसत नव्हता.

उत्तर

हॅगलरपुरते आपले म्हणणे मान्य आहे. मग असे करावे : ज्याच्यावर ठोशाचा परिणाम दिसत नाही त्याने ठोसा ‘पचवला’, आणि ज्याच्यावर परिणाम दिसूनही जो हटला नाही त्याने तो ‘सोसला’. हॅगलर पचवणारा, लामोटा सोसणारा.

आणखी एक शब्द राहिला. प्रश्नकर्त्यांच्या लेखात मिडलवेटचा जुना विजेता टोनी झेल असणारच. २७ सप्टेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये रॉकी ग्राझियानोने त्याला जवळजवळ संपवले होते. सहाव्या फेरीत झेलने आधी उजवा ठोसा पोटात घातला आणि मग डावा हुक जबड्यावर. ग्राझियानोचा श्वासच अडकला आणि तो दहाच्या आत उठू शकला नाही. पोटातल्या ठोशाला ‘जोरदार’ म्हणणे व्यर्थ आहे. तेथे ‘कळ’ हा शब्द हवा, कारण जबड्यावरचा ठोसा शुद्ध हरपवतो, तर पोटातला ठोसा शुद्ध पूर्ण जागी ठेवून माणसाला कळवळायला लावतो. आणि भाषणांनी झिजवून टाकलेले ‘घणाघाती’ हे विशेषण अख्ख्या लेखात एकदाच, फक्त झेलसाठी वापरावे : हा माणूस इंडियानातल्या गॅरी गावचा आणि तेथल्या पोलाद कारखान्यात काम केलेला होता.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सुधारलेली वाक्ये अशी आहेत : ‘लामोटा चिवट होता, त्याने रॉबिन्सनचे ठोसे तेरा फेऱ्या सोसले. हॅगलर कणखर होता, त्याने हर्न्सचा जड हात पचवला. झेलचा घणाघाती ठोसा ग्राझियानोच्या पोटात बसला आणि कळ मस्तकात जाईपर्यंत हुक येऊन पोहोचला.’ बहिणीने वाचून पाहिले. तिला ‘हुक’ खटकला. कपाटाचा की ब्लाउजचा, असे ती विचारते आहे.