चित्रकला शिकून डिझाइनमध्ये आलात? तुमचा अनुभव लिहा

सुरुवात मी करते.

२००१ साली जे. जे.मधून पेंटिंग करून बाहेर पडले. शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली तेव्हा पेढे वाटणारे घरचे लोक पदवीनंतर 'आता पुढे काय?' विचारू लागले. वर्षभर पोर्ट्रेटं केली, भागेना. मग गिरगावातल्या एका छापखान्यात लागले. कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तिथेच शिकले, संध्याकाळी कॉम्प्युटर मोकळा झाला की.

पहिल्याच महिन्यात एका लग्नपत्रिकेचा निळा मी स्क्रीनवर बघून ठरवला. छापून आला तो जांभळा! मालक ओरडले नाहीत. मशीनपाशी नेऊन भिंग हातात दिलं आणि चार शाईंचे ठिपके दाखवले : सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा, काळा. "निळा हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा तीस टक्के तरी कमी ठेव." सेरा या फ्रेंच चित्रकाराची ठिपक्यांची चित्रं वर्गात पाहिली होती, पण रंग डोळ्यात मिसळतो म्हणजे काय, ते मला त्या भिंगातून कळलं.

२००५ला वेबसाइटच्या कामात आले. तेव्हा फोटोशॉपमध्ये अख्खं पान करायचं, त्याचे तुकडे कापायचे आणि एचटीएमएलच्या (वेबपानाच्या कोडच्या) टेबलात बसवायचे. वेबवर ॲनिमेशन करायचं फ्लॅशही जीव तोडून शिकले. २०२०च्या अखेरीस ते बंद झालं तेव्हा खरंच वाईट वाटलं. हालचालीचा वेग कुठे मंद करायचा, ही त्यातली समज मात्र आजही रोज वापरते.

आता तुम्ही लिहा.

*

मी कोल्हापूरचा, जी. डी. आर्ट ही कलेची पदविका केलेला. वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आला आणि त्यांची कामं गेली. मी त्याच फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर झालो. घरी दोन दिवस कुणी बोललं नाही.

सध्या मराठी वेबसाइट करतो. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला तसंच लावतात, आणि 'विद्यार्थी'चा रफार नि वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतात. मी अंतर अक्षराच्या दीडपटीहून जास्तच ठेवतो. वडील दोरा मारून ओळी आखायचे, तेव्हा शिरोरेषेच्या वर चांगली चार बोटं सोडायचे. ते बघतच मी वाढलो.

*

माझा अनुभव कडू आहे. एका कंपनीने मुलाखतीची 'चाचणी' म्हणून लोगो करून घेतला, नोकरी दिली नाही. सहा महिन्यांनी तोच लोगो त्यांच्या खोक्यावर दिसला. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, आणि मूळ फाइल पूर्ण पैसे आल्यावरच. नव्या मुलांनो, फुकट चाचणी देऊ नका.

*

मी नाशिकची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर, अडतिसाव्या वर्षी फिग्मा हे स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकले. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं मला फार देखणी वाटायची. सासूबाईंना पहिलं काम मोबाइलवर दाखवलं, तर म्हणाल्या, "अगं, इथे लिहिलंय कुठे?" मग वाचलं, की साध्या मजकुराला ४.५ : १ इतका तरी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो. स्टिल लाइफमध्ये (समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्रात) डोळे बारीक करून छटा बघायला शिकवलं होतं. स्क्रीनपुढे आता तेच करते.

*

शेवटच्या वर्षाला आहे. पोर्टफोलिओत लाइफ ड्रॉइंग (माणूस समोर बसवून केलेली रेखाटनं) ठेवू का, ताई?

*

ठेव, दोन-तीन, पण शेवटी. आधी एकच काम नीट उलगडून दाखव : कच्ची रेखाटनं, नाकारलेले पर्याय, ते का नाकारलेस, आणि शेवटचं पान मोबाइलवर कसं दिसतं ते.