झेडपीच्या चौथीतून हायस्कूलच्या पाचवीत जाणाऱ्या मुलीची तयारी काय करून घ्यायची?

माणदेशी_आई
नमस्कार. आम्ही माण तालुक्यात वस्तीवर राहतो. मुलगी आत्ता चौथीला आहे, झेडपीची शाळा, पहिली ते चौथी मिळून वीसेक पोरं आणि दोन शिक्षक. बाईंना प्रत्येकाच्या घरचं सगळं ठाऊक, कुणाची आजी आजारी आहे, कोण न जेवता आलंय सगळं. आमची तशी चुणचुणीत आहे, परिपाठाला तीच पुढं असते. आता जूनपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जायचंय, एसटीनं. तिथं पाचवीच्या दोन तुकड्या, एकेकीत पन्नासच्या वर मुलं, आणि दहावीपर्यंतची मोठी पोरं आवारात. परवा तिथले सर पट गोळा करायला वस्तीवर आलेले, काळजी करू नका म्हणाले, पण माझ्या जावेचा मुलगा गेल्या वर्षी तिथंच गेलाय, चौथीत एकदम हुशार, आणि दिवाळीपर्यंत गप्पच झाला, वहीत अर्धंच लिहून आणतो, आता शाळेचं नाव काढलं की पोट दुखतंय म्हणतो. त्यामुळं जीव धास्तावलाय. सुट्टीत अभ्यासाचं काय करून घेऊ, सेमीला (गणित-विज्ञान इंग्रजीतून) घालू का नको, एसटीचं कसं, आणि मुख्य म्हणजे हीपण अशी गप्प झाली तर मला वेळेत कळणार कसं?

पाचवी_ब_च्या_बाई
ताई, मी हायस्कूलला पाचवीची वर्गशिक्षिका आहे त्यामुळे आतून सांगते. पाचवीत आलेलं मूल पहिले दोन महिने अभ्यासात कमी आणि व्यवस्थेत जास्त अडकतं. चौथीपर्यंत एकच बाई दिवसभर, इथे तास संपला की बाई बदलतात, दर ३५-४० मिनिटांनी नवा माणूस, प्रत्येकाची वेगळी पद्धत, एक म्हणतो समास सोडा दुसरा म्हणतो पान भरा. झेडपीतलं मूल उठून विचारतं बाई इथं शाईपेननं लिहू का, आणि पन्नास जणांत त्याला उत्तर मिळत नाही, मग ते विचारायचंच सोडतं. तुमच्या जावेचा मुलगा तिथंच अडकलाय का ते बघा.

आणि वहीत अर्धंच लिहून आणतो हे वाचल्यावर मला पहिली शंका डोळ्यांची आली. वीस पोरांच्या खोलीत सगळेच फळ्याजवळ असतात, चष्म्याचा नंबर असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि इथं उंचीप्रमाणे मागच्या बाकावर बसवलं की फळा दिसत नाही. मूल सांगत नाही कारण त्याला वाटतं सगळ्यांनाच असं दिसतं. दरवर्षी माझ्या वर्गात अशी एक-दोन मुलं निघतातच. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं पण त्याची वाट बघू नका, ग्रामीण रुग्णालयात आत्ताच दाखवून या.

सुट्टीत पाचवीची पुस्तकं संपवायच्या मागे लागू नका, त्यापेक्षा फळ्यावरून किंवा पुस्तकातून बघून एक पान न थांबता लिहायची सवय लावा, कारण इथं लिहिण्याचा वेग कमी पडतो. हिंदी पाचवीला नव्यानं सुरू होतं पण लिपी तीच असल्यानं मुलं पटकन पकडतात, तिथं घाबरायचं कारण नाही. वेळापत्रक बघून दप्तर तिचं तिनंच भरायचं, पहिल्या आठवड्यापासून. घरचे भरून देतात आणि मग मूल वर्गात वही शोधत बसतं.

एक गोष्ट आया विचारत नाहीत म्हणून मीच सांगते. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, बाथरूमला जायला लागू नये म्हणून. मोठ्या मुलींची गर्दी, कडी नीट नसते, लाज वाटते. संध्याकाळी बाटली भरलेलीच परत आली तर समजून जा. वर्गशिक्षिकेला येऊन स्पष्ट बोला, कडी लावून घ्यायला आम्हालाही पालकांच्या तोंडून आलं की जोर येतो.

गुरुजी_परभणीकर
बाईंशी सहमत. मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे झेडपीचा शिक्षक. आमच्याकडून दाखला जातो, प्रगतिपत्रक जातं, पण हे मूल कशावर रुसतं, कशानं खुलतं हे कुठल्याच कागदावर नसतं. म्हणून आम्ही एप्रिलमध्ये चौथीच्या पोरांना एक दिवस हायस्कूलला घेऊन जातो, पाचवीच्या वर्गात दोन तास बसवतो, नळ कुठं, बाथरूम कुठं, ऑफिस कुठं, बरं वाटेनासं झालं तर कुणाकडं जायचं हे दाखवतो. आणि जूनमध्ये वर्गशिक्षक ठरले की एक फोन करून प्रत्येक पोराबद्दल बोलतो, त्याला अर्धा तासही लागत नाही. तुमच्या बाईंना हे सुचवा, दोन शिक्षकी शाळेत चौथीची चार-पाचच पोरं असतील, सहज जमेल.

दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जातीचा रकाना, सगळं बघा, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून. चूक आत्ता शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दुरुस्त होते, दहावीनंतर फार हेलपाटे पडतात. आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत कुठलीही सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यात ते स्पष्ट आहे.

अजून एक, पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात, राहिलं तर पुन्हा एक संधी मिळते आणि त्यातही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं. तुमच्या मुलीला याचा त्रास होणार नाही पण जावेच्या मुलाचं आत्ताच बघा, वर्ष संपत आलंय.

एसटीची_वाट
माझ्या दोन्ही मुली पाचवीपासून एसटीनंच गेल्या. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत आहे, एक रुपया भरायचा नाही, आणि २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच द्यायला लागलेत, डेपोत रांग लावायची गरज नाही. मुलांना एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. (सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसही आहेत, तुमच्याकडं आहे का ते डेपोत विचारा.) खरा त्रास संध्याकाळचा. शाळा पाचला सुटते आणि गाडी पावणेपाचला निघून जाते असं आमच्याकडं होतं, मग पालकांनी मिळून मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांकडं अर्ज दिला, वेळ बदलली. एकेकट्यानं जाऊन उपयोग होत नाही, शाळेचं पत्र लागतंच. आणि गाडी चुकली तर कुठं थांबायचं, कुणाच्या फोनवरून फोन करायचा हे मुलीबरोबर आधी ठरवून ठेवा, नंबर पाठ पाहिजे, डायरीत लिहिलेला नको.

अकरावीत_आहे
काकू मी पण वस्तीवरूनच हायस्कूलला गेलेली. वस्तीवरून अजून कोणी मुलगी जाणार असेल तर दोघींना एकाच तुकडीत टाका म्हणून प्रवेशाच्या वेळीच अर्ज द्या, नंतर पट जुळवताना बदलून देत नाहीत. आम्हा दोघींना वेगळं केलेलं आणि पहिले कितीतरी दिवस मी डबा एकटीच खायचे. आणि घरी आल्यावर आज काय शिकवलं असं विचारू नका हो, आज डबा कुणाबरोबर खाल्लास विचारा, त्यावरून सगळं कळतं.

माणदेशी_आई
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचून काढलं. जाऊबाईंना विचारलं तर पोरगा शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो म्हणे. उद्या दोघी त्याला घेऊन दवाखान्यात जातोय आणि येताना शाळेत बाईंना भेटून येणार. हिच्याबरोबर वस्तीवरची एक मैत्रीण जाणार आहे, पण तिच्या घरचे साधी तुकडीच म्हणतात आणि आमच्या ह्यांना सेमी पाहिजे. दोघी वेगळ्या पडतील. काय करावं?

पाचवी_ब_च्या_बाई
पाचवीला सेमीत मुख्य फरक गणिताचा, सहावीपासून विज्ञानही इंग्रजीत. मुलीला गणित मराठीत पक्कं येत असेल तर नुसते इंग्रजी शब्द महिना-दोन महिन्यांत बसतात, पण भागाकार आणि अपूर्णांक कच्चे असतील तर सेमीत ती दोन्हीकडून अडकते. तर आधी ते तपासा, बाईंना सांगा दहा गणितं घालून बघायला. आणि शाळेत विचारा की सहावीला साधीतून सेमीत घेतात का, बऱ्याच ठिकाणी घेतात. घेत असतील तर मी म्हणेन पहिलं वर्ष दोघींना एकत्र साधीतच राहू दे, सेमी एका वर्षानं आली तरी काही बिघडत नाही. तुमच्या ह्यांनाही शाळेत येताना बरोबर आणा, हे त्यांनी आमच्याकडून ऐकलेलं बरं.