अँटेनामध्ये ऊर्जा पुढे जाते म्हणजे नक्की काय जातं?

हिरवळ
प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात अँटेनाची आकृती ठरलेली असते: हरितद्रव्याच्या रेणूंचा घोळका, मध्ये अभिक्रिया केंद्र (जिथे ऊर्जा रासायनिक कामाला लागते) आणि रेणूकडून रेणूकडे जाणारे बाण. विद्यार्थी हमखास विचारतात, बाणावरून जातं काय? इलेक्ट्रॉन? की एक रेणू प्रकाश सोडतो आणि शेजारचा तो शोषतो? अचूक उत्तर हवंय. वर्गात दाखवण्यासारखं काही असेल तर तेही सांगा. पालकाचा अर्क टॉर्चखाली लाल चमकतो म्हणतात, पण बऱ्याचदा तो शेवाळी-तपकिरी होऊन बसतो आणि चमकत काहीच नाही.

तरंगलांबी
दोन्ही नाही. अँटेनामध्ये इलेक्ट्रॉन आपल्या रेणूची हद्द सोडत नाही आणि मधल्या मध्ये फोटॉनही बाहेर पडत नाही. सरकते ती उत्तेजना. सतारीची वरची तार छेडली की त्याच सुरात लावलेली खालची तरफेची तार आपोआप झंकारते, तसं. सूर जुळण्याची अटही इथे आहे: देणाऱ्याचा प्रतिदीप्ती-वर्णपट (तो सोडू शकतो त्या प्रकाशाचा) आणि घेणाऱ्याचा शोषण-वर्णपट एकमेकांवर यायला हवेत. फॉर्स्टर यांनी १९४८ मध्ये याचं गणित मांडलं. उत्तेजना सरकण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की तो ६४ पटींनी घसरतो. कोनही बघावा लागतो. काही मांडणींत रेणू अगदी शेजारी असूनही देवाणघेवाण शून्य.

शेजाऱ्यांच्या केंद्रांमधलं अंतर साधारण १ नॅनोमीटर, आणि एका उडीला पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही कमी वेळ. सुटा रेणू द्रावणात मात्र ५-६ नॅनोसेकंद उत्तेजित राहतो. प्रकाश सोडायला सवड मिळण्याआधीच शेकडो उड्या होऊन जातात.

निळ्या प्रकाशाबद्दलही गैरसमज असतो. ४३० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये सुमारे २.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, पण रेणू पिकोसेकंदाच्या आत सर्वांत खालच्या उत्तेजित पातळीवर, म्हणजे १.८ च्या आसपास उतरतो. वरची ऊर्जा उष्णता होऊन जाते. पुढे सरकते ती ही खालच्या पातळीची उत्तेजना, म्हणून केंद्रापर्यंत पोचल्यावर निळा आणि लाल फोटॉन एकाच भावाचे.

थायलाकॉइड
वरचं बरोबर आहे. फक्त ऊर्जा केंद्राकडे उतारावरून घरंगळते असं सुचवणाऱ्या आकृतीतल्या ‘नरसाळ्या’वर फार विसंबू नका. एलएचसी-२ या अँटेनाच्या प्रथिनाच्या एका घटकात ८ हरितद्रव्य-ए, ६ हरितद्रव्य-बी आणि ४ कॅरोटिनॉइड (पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं) असतात. असे तीन घटक मिळून एक त्रिकूट. बी कडून ए कडे उतार खरा आहे (सुमारे ६५० वरून ६७५ नॅनोमीटर). पुढे पी६८० पर्यंत, म्हणजे अभिक्रिया केंद्रातल्या हरितद्रव्यापर्यंत, जवळजवळ सपाटी. फरक इतका किरकोळ की खोलीच्या तापमानाची उष्णताही उत्तेजनेला मागे ढकलते. ती खूप वेळा पुढेमागे होते आणि काही वेळा केंद्राला शिवूनही परत जाते. परतीची वाट बंद होते ती केंद्रात: काही पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉन फिओफायटिनवर (मॅग्नेशियम नसलेलं हरितद्रव्य), आणि साधारण २००-३०० पिकोसेकंदांत पहिल्या क्विनोनवर (इलेक्ट्रॉन पुढे नेणारा रेणू). इलेक्ट्रॉन खऱ्या अर्थाने ‘जातो’ तो इथे पहिल्यांदा.

रेणू नुसते दाटीवाटीने कोंबले तर हे जमत नाही. हरितद्रव्याचं द्रावण तितकंच घट्ट केलं तर उत्तेजना उष्णतेत विझून जाते. प्रथिनं प्रत्येक रेणूला ठरावीक अंतरावर आणि कोनात धरून ठेवतात, म्हणून अँटेना चालते.

(२००७ मध्ये गाजलेली ‘क्वांटम सुसंगती’, म्हणजे उत्तेजना एकाच वेळी अनेक रेणूंवर लाटेसारखी पसरते ही कल्पना, वर्गात आणू नका. त्या स्पंदनांचा मोठा भाग रेणूंच्या कंपनांचा होता, असं नंतरच्या मोजमापांतून दिसलं.)

बांधावरून
प्रयोगाचं सांगतो. देठ काढून ५ ग्रॅम पालक, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट, २५ मिली ८० टक्के अॅसिटोन. खलात घोटून गाळा. कार्बोनेट विसरलात तर पेशीतलं आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर काढतं आणि अर्क तपकिरी होतो. फळ्याचा खडू चालेलच असं नाही, बरेचसे जिप्समचे असतात.

चमक न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्क दाट असणं: टॉर्चचा प्रकाश पहिल्या थरातच संपतो, आणि निघालेला लाल प्रकाश अर्क स्वतःच गिळतो. मागचा छापील मजकूर वाचता येईल इतका पातळ करा. नोटा तपासायचा ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च, अंधारी खोली, आणि नजर टॉर्चच्या काटकोनात. भांडं काचेचंच हवं, थर्माकोल किंवा पॉलिस्टायरीन अॅसिटोनमध्ये विरघळतं. ज्योत जवळ नको.

मग त्याच टॉर्चखाली अख्खं पान धरा: मंद. अर्कात ऊर्जा घ्यायला शेजारी नाही, म्हणून जवळपास ३० टक्के प्रकाश होऊन बाहेर पडते. पानात १-२ टक्के.

थायलाकॉइड
या तुलनेत एक खोट आहे. पान दाट असल्याने ६८५ नॅनोमीटरच्या आसपासची बरीच चमक आतच गिळली जाते, तेव्हा सगळा फरक ऊर्जा-हस्तांतरणाच्या खात्यावर मांडू नका. त्यापेक्षा काउत्स्की परिणाम दाखवा (१९३१). पान २० मिनिटं अंधारात ठेवा, मग एकदम प्रखर निळा प्रकाश पाडा. लाल जिलेटिनमधून बघितलं तर चमक सेकंदाभरात चढते, कारण क्विनोन भरून केंद्रं बंद होतात. पुढच्या काही मिनिटांत ती उतरते.

बांधावरून
मान्य. उसात आणि मक्यात वापरतात ते अॅट्राझिन, तसंच डाययुरॉन, ही तणनाशकं नेमकी पहिल्यानंतरच्या, दुसऱ्या क्विनोनची जागा अडवतात. अशा पानात चमक चढते ती उतरतच नाही. तण उपासमारीने मरण्याआधी जळतं: अँटेना ऊर्जा आणतच राहते, ती खपत नाही, त्रिक अवस्थेतलं (जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेतलं) हरितद्रव्य ऑक्सिजनला उत्तेजित करतं आणि तो पेशीतली पटलं जाळतो. म्हणून उन्हात पानं लवकर करपतात.

मोबाइलवर चित्रण करणार असाल तर एक्स्पोजर आधी लॉक करा. नाहीतर कॅमेरा उजेड आपणहून सांभाळून घेतो आणि चढ-उतार दिसतच नाही.