इंग्लिश ईडियम्स कळायला काय वापरू? सुचवा की

हळदवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. मी इथं हळद एक्सपोर्टच्या ऑफिसात आहे. मेल वगैरे जमतंय, पण कॉलवर ते लोक वाक्प्रचार टाकायला लागले की आपली गाडी बंद. परवा अमेरिकेतलं गिऱ्हाईक रेटवरून घासाघीस करता करता म्हणालं लेट्स टेबल इट, मला वाटलं विधानसभेत बिल पटलावर ठेवतात तसं चर्चेला घेऊया म्हणतंय, म्हणून मी राजापुरी हळदीचे रेट, पॅकिंग, भाडं सगळं वाचत सुटलो आणि तिकडं सगळे गप्प. शेवटी साहेबांनी चॅटवर लिहिलं, "थांब, तो विषय नंतर म्हणतोय". पुस्तक, ॲप, काहीही सांगा.

मास्तरीणबाई:
तुमचं चुकलं नाही हो दादा. ब्रिटिश इंग्लिशमध्ये टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत बरोब्बर उलटं, विषय बाजूला ठेवणं. आपण साहेबाचं इंग्लिश शिकलो. केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी बघा, फुकट आहे आणि अर्थाशेजारी यूके का यूएस ते देतात. ते 500 ईडियम्स छाप गाईड मात्र घेऊ नका, पोरं पाठ करतात आणि जरा पाऊस आला की कॅट्स अँड डॉग्स, बास.

कृष्णाकाठ:
मी खेळावरून लावतो. अमेरिकेचे बरेचसे बेसबॉलमधले, टच बेस म्हणजे थोडक्यात बोलून घेणं, कर्व्हबॉल म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेली अडचण. इंग्लंडवाले क्रिकेटचे वापरतात. स्टिकी विकेट घ्या, पूर्वी पिच झाकत नव्हते, पाऊस पडून वर ऊन लागलं की वाळताना बॉल कसाही उसळायचा, म्हणून अवघड प्रसंग. विजय हजारेंच्या गावात हे फोडून सांगायला लागू नये 😀 बीबीसी लर्निंग इंग्लिशचं द इंग्लिश वी स्पीक पण ऐका, छोटे छोटे भाग आहेत, एसटीत बसल्या बसल्या होतात.

मास्तरीणबाई:
हे पटलं. आपण "विश्वास पानिपतात गेला" म्हणतो ते 1761 माहीत नसणाऱ्याला काय कळणार? त्यांचं वॉटर्लू तसंच, 1815 ला नेपोलियन तिथं हरला, म्हणून वॉटर्लू म्हणजे कायमची हार. आणि वहीत नुसता अर्थ नको, कोण कुणाला काय म्हणालं ते अख्खं वाक्य लिहा.

हळदवाला_सांगली:
वही केली. आत्ताच मेल आलाय, बॉलपार्क फिगर द्या म्हणून. म्हणजे अंदाजे भाव ना?

कृष्णाकाठ:
हो, अंदाजेच. पण नंतर तोच धरून बसतात, जरा चढाच सांगा.